सतरा नंबरची कडी

त्या महिन्यात वैशाली फणसळकरला दोन गोष्टींनी वात आणला होता. एक म्हणजे पोटचा पोरगा फोन उचलत नव्हता, आणि दुसरी म्हणजे ट्रस्टचा ऑनलाइन फॉर्म पुढे सरकत नव्हता. पोराचा कान इथून धरता येत नव्हता, म्हणून सगळा राग फॉर्मवर निघत होता.

पोरगा म्हणजे ओंकार. जर्मनीत आखेनला शिकत होता, तिथल्या एका जुन्या विद्यार्थी-वसतिगृहात राहत होता आणि दोन वर्षांत एकदाही घरी फिरकला नव्हता. आता मात्र बावीस डिसेंबरचं तिकीट काढलेलं होतं. वैशालीनं थालीपिठाची भाजणी दळून ठेवली होती. हैदराबादेत, कुकटपल्लीच्या फ्लॅटमधल्या त्याच्या खोलीत नवऱ्यानं, मिलिंदनं, रचून ठेवलेले खोके भांडून बाहेर काढायला लावले होते. ओंकार बावीसला घरी यावा, एवढी एकच गोष्ट तिला त्या वर्षात मनापासून हवी होती. "विमानतळावर किती वाजता येऊ?" असा मेसेज टाकला की दोन दिवसांनी उत्तरादाखल एक अंगठा यायचा. तो अंगठा पाहिला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

फॉर्म होता बरकतपुऱ्यातल्या परदेशी हॉस्टेलचा. वैशाली जुन्या इमारतींची डागडुजी करणारी आर्किटेक्ट. पुण्याहून हैदराबादला येऊन चौदा वर्षं झाली होती, आणि 'पाडायची की ठेवायची' या वादात अडकलेली कुठलीही इमारत शेवटी तिच्याच गळ्यात पडायची. इथेही एकोणीस तारखेला ट्रस्टची बैठक होती. तोपर्यंत दगडन्‌दगड मोजून नोंदवायचा होता.

हॉस्टेल बांधलं कापसाचे व्यापारी आबासाहेब यांनी, पोलीस ॲक्शननंतरच्या दोन-तीन वर्षांत. तरुणपणी ते विलायतेत शिकायला गेले, तेव्हा घरमालकिणींनी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. तो सल धरून त्यांनी आपल्या शहरात परदेशातून शिकायला येणाऱ्या मुलांसाठी हे घर उभं केलं. मधे चौक, चौकाभोवती दोन मजले, मजल्यावर बारा-बारा खोल्या. प्रत्येक दारावर ग्रॅनाइटची कमान आणि कमानीच्या माथ्याच्या दगडात त्या खोलीत पहिल्यांदा राहायला आलेल्या मुलाचा चेहरा. अंबाजी नावाच्या पाथरवटानं मुलांना समोर बसवून ते कोरले होते. कुणाचं नाक बसकं, कुणाचे केस कुरळे, एकाच्या गालावर देवीचे व्रणसुद्धा. चेहरे हसरे नव्हते की रडके नव्हते. कुणी हाक मारल्यावर माणूस मान वर करतो, तसे होते.

असे तेवीस चेहरे. वरच्या मजल्यावरच्या सतरा नंबरचा दगड तेवढा कोरा होता. तिथे यायचा मुलगा आलाच नाही म्हणे.

हॉस्टेल बंद पडून तीस वर्षं झाली होती, पण आबासाहेबांनी ट्रस्टच्या कागदात एक अट घालून ठेवली होती: इमारत उभी आहे तोवर रोज संध्याकाळी सातला हजेरी व्हायची. परदेशातल्या पोराचं नाव दिवसातून एकदा तरी कुणी घ्यावं, असं त्यांचं म्हणणं. ते काम आता भामा करायची. भामा राखणदारीण, उदगीरकडची, सत्तरीची. लिहिता-वाचता येत नव्हतं. सासूकडून पाठ झालेली नावं ती चौकात उभी राहून, पितळी घंटा एकदा वाजवून, रिकाम्या खोल्यांना ऐकवायची.

"हसन, बसरा. लियांग, पिनांग. जोसेफ, झांजिबार..."

प्रत्येक नावानंतर थांबायची. सतरावर आली की म्हणायची, "खाली," म्हणजे रिकामी. चोवीस झाले की सगळ्यांना मिळून एक हुकूम, "कडी लावा रे!" मग चपला फरफटत आपल्या खोलीत जायची.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा वैशालीला हसू आलं. पाचव्या दिवशी वैताग यायला लागला, कारण हजेरी चालू असताना भामा कुणाला शिडी हलवू देत नसे, टेप ओढू देत नसे. दारांची अवस्था तर अशी की निम्म्यांना कड्याच उरल्या नव्हत्या. सतरा नंबरला कडी नाही, चार खिळ्यांची भोकं आहेत, अशी नोंदच होती.

"अहो भामाबाई, कडी लावायला आत आहे कोण?" तिनं एकदा विचारलं.

"नसंना का," भामा म्हणाली. "आपुन सांगायचं काम करावं, बाई."

आता तो फॉर्म. ट्रस्टचे सचिव हर्षवर्धन यांच्या कुणा भाच्यानं तो बनवला होता आणि भाच्याची अक्कल त्यात ओसंडून वाहत होती. प्रत्येक चेहऱ्यामागे पाच रकाने: नाव, जन्मतारीख, गाव, शिकायला कुठे, हॉस्टेलातून निघाल्याची तारीख. शेवटचा रकाना रिकामा ठेवला तरी चालत होता आणि ते बरंच होतं, कारण जुन्या रजिस्टरात तेवीसपैकी एकाचीही निघाल्याची तारीख नव्हती. त्या काळच्या कारकुनांना काय धाड भरली होती देव जाणे, असं म्हणून वैशालीनं तो सोडून दिला. अडलं ते सतरावर. 'लागू नाही' लिहिलं, लाल अक्षरं आली. 'कोरा दगड' लिहिलं, लाल अक्षरं आली. नाव भरल्याशिवाय तो फॉर्म बाकीचे तेवीसही गिळून बसला होता. डिसेंबरची तीन तारीख होती, ती तीन तास खुर्चीत बसून होती, आणि तेवढ्यात फोनवर ओंकारचा अंगठा आला.

"घे मग!" असं मोठ्यानं म्हणत तिनं पहिल्या रकान्यात टाइप केलं: ओंकार. पुढे बोटांना पाठ असलेली जन्मतारीख. गाव कुकटपल्ली. शिकायला आखेन. निघाल्याची तारीख रिकामी. फॉर्मनं मुकाट्यानं हिरवी खूण दिली. ऑफिसात हे रोजचंच होतं, रकाना अडला की सुचेल ते भरायचं आणि मागून दुरुस्त करायचं. दुरुस्त करायचं ती अर्थातच विसरली.

सहा तारखेला अरविंदरावांचा फोन आला. अरविंदराव तिचे मोजणीदार, भूमापन खात्यातून निवृत्त झालेले, बाप-आजोबांपासूनचे हैदराबादी. कामात पक्के आणि त्यापायी जीव खाणारे.

"मॅडम, सतरा नंबर तीन मिलिमीटर पुढे आला."

"दगड पुढे येत नाही, अरविंदराव. टेप सैल धरला असेल."

"नक्को मॅडम, असं नका म्हणू. तीनदा घेतलं माप. बाकीचे तेवीस जागच्या जागी हायेत."

"मग चौथ्यांदा घ्या."

चौथ्यांदा साडेतीन भरलं. नऊ तारखेला आठ. वैशालीनं लेझरचं यंत्र बदलून पाठवलं, त्यानं नऊ दाखवलं. तिनं अरविंदरावांना फोनवर जे सुनावलं ते त्यांच्या वयाला शोभणारं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अकरा तारखेला आपला जुना पितळी कंगवा काढला. दगडावर दाबला की त्याचे दात मागे सरकतात आणि दगडाची ठेवण त्यांच्यावर उतरते. ती ठेवण पेन्सिलीनं कागदावर काढून त्यांनी कागद तिच्या टेबलावर ठेवला.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"तुम्हीच सांगा मॅडम. मला तर नाक दिसतंय."

कागदावर कपाळ होतं, उतार होता, आणि खरंच नाक होतं. वैशाली तशीच उठून अरविंदरावांसोबत बरकतपुऱ्याला गेली. भर दुपार होती. ऊन वरून दगडावर पडत होतं. दगड थोडा उंचसखल वाटला, इतकंच. आधीपासूनच असेल, आपलं लक्ष गेलं नसेल, असं तिनं ठरवून टाकलं. उंबऱ्यावर मात्र करडी, बारीक भुकटी होती. चिमटीत धरली तर बोटांना टोचली.

"हे कुणी सांडलं? कुणाला इथे काम करायला सांगितलंय?"

"कुणी नाय," भामा खालून म्हणाली. "मी रोज झाडायले, रोज पडायले. आठ दिस झाले."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला काय सांगायचं? सतरावाला यायला लागला असंल."

वैशालीला एवढा संताप आला की ती तडक गाडीत जाऊन बसली. जाताना अरविंदराव म्हणाले, "अजून एक मॅडम. काल संध्याकाळी मी हितंच होतो. भामा सतरावर आली ना, तर खाली म्हणाली नाही. नुसती गप्प उभी राहिली, मग अठरा घेतलं."

"म्हातारी आहे. विसरली असेल."

"चाळीस वर्षांत विसरली नाही म्हणते."

रविवारी सकाळी, कधी नव्हे ते, ओंकारनं स्वतःहून फोन केला. नुसताच आवाज होता, चित्र नव्हतं. वैशालीचा जीव भांड्यात पडला आणि पडल्या पडल्या ती त्याच्यावर ओरडली. फोन का उचलत नाहीस, जेवतोस का, सामान भरलंस का.

"खोली बदलली गं," तो म्हणाला. "वरच्या मजल्यावर दिलीय. छान आहे, शांत आहे. आणि बाहेर पडलंच पाहिजे असं काही नाही ना? वाचता येतं पुष्कळ."

"बाहेर पडत नाहीस? लेक्चरचं काय?"

"जाईन." मग लगेच, "इथे घंटा वाजते गं रोज. अडीच वाजता. कुणालाच ऐकू येत नाही, मलाच येते. ती वाजली की मी खोलीत असतोच. म्हणजे, असावंसं वाटतं."

"कसली घंटा? चर्चची असेल."

"नाही. लहान आहे. पितळी असावी."

वैशालीनं त्याला नीट जेव असं सांगितलं. मग मिलिंदपाशी पोराच्या आळशीपणाबद्दल तासभर कुरकुर केली आणि धिरडी घातली. घंटेचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. पण अडीच आणि सात यांची सांगड घालायची तर घड्याळ काढून हिशेब करावा लागला असता. तो तिनं केला नाही.

तो करावा लागला सोळा तारखेला, दुपारी चार वाजता. विमान कंपनीचा मेल आला. तिकीट तिच्या कार्डावर काढलेलं, म्हणून तो तिला आला. प्रवाशानं तिकीट रद्द केलं आहे.

तिनं अकरा वेळा फोन लावला. बाराव्यांदा मेसेज आला: "आई रागावू नकोस. इथून निघवत नाही. पाय उंबऱ्याबाहेर टाकला की वाटतं, हजेरीला नसेन."

हजेरी. इंग्रजी शाळेत शिकलेल्या, मराठी अडखळत वाचणाऱ्या तिच्या पोरानं हा शब्द कधी वापरला नव्हता. घरातही कुणी वापरत नव्हतं. वैशालीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बोटांवर मोजलं. हिवाळ्यात जर्मनी साडेचार तास मागे. इथे सात, तिथे अडीच.

तिला तो रकाना आठवला.

फॉर्म उघडला. सतरा नंबर. ओंकार, कुकटपल्ली. नाव खोडायला गेली तर रकाना करडा पडलेला, अक्षर बदलत नव्हतं. तिनं हर्षवर्धनना फोन लावला.

"सबमिट झालं की कुलूपबंद होतं, मॅडम. भाच्यानं तसंच बनवलंय."

"भाच्याला म्हणावं उघड! तिथे चुकून भलतंच नाव पडलंय!"

"नाव काढता येत नाही. निघाल्याची तारीख तेवढी टाकता येईल बघा."

तिनं आजची तारीख टाकली. लाल अक्षरं. कालची टाकली. लाल अक्षरं. बावीस टाकली, मग एकतीस, मग पुढच्या वर्षातली. ती रडकुंडीला येऊन पडद्याला शिव्या देत होती. शेवटी गाडीची किल्ली घेऊन निघाली. कुकटपल्लीहून बरकतपुरा, संध्याकाळची गर्दी, प्रत्येक सिग्नल लाल. हॉर्नवर हात ठेवून ती स्वतःलाच बडबडत होती. दोन वर्षं पोराची वाट पाहिली आणि वैतागाच्या भरात त्याला कुठे नेऊन बसवलं आपण!

पोचली तेव्हा सातला दहा कमी होते. चौकात दिवा लागला होता. अरविंदराव कधीच गेले होते, पण शिडी वरच्या गॅलरीत सतरा नंबरपाशीच होती. ती धापा टाकत वर गेली, शिडीवर चढली आणि मोबाइलचा दिवा लावला.

चेहरा पुरा झाला होता.

ओंकारच होता. रुंद कपाळ, मिलिंदची हनुवटी. पण त्याला दाढी होती आणि डाव्या कानाच्या पाळीत बारीक भोक होतं. ओंकारला दाढी नव्हती. कान टोचलेला नव्हता. वैशालीनं त्या दोन गोष्टींना घट्ट धरलं. तो नाहीच. दुसरा कुणी आहे.

शिडीवरूनच तिनं व्हिडिओ कॉल लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"आई?"

दाढी वाढली होती. डाव्या कानात बारीक चांदीची बाळी होती.

"कान कधी टोचलास?" तिच्या तोंडून एवढंच निघालं.

"झाले की दहा-बारा दिवस. तू ओरडशील म्हणून सांगितलं नाही." तो हसला, पण लगेच खिडकीकडे बघायला लागला. "आई, जरा थांब हं. वेळ झाली."

"ओंकार, ऐक. आत्ताच्या आत्ता खोलीबाहेर जा. चप्पल घालू नकोस, काही घेऊ नकोस, नुसता बाहेर पड. मी सांगतेय ना!"

खाली घंटा वाजली. एकदाच.

"भामाबाई, थांबा!" वैशाली किंचाळली. "आज नको! आज घेऊ नका!"

भामानं मान वर केली नाही. हजेरीत ती कुणाचं ऐकत नसे.

"हसन, बसरा."

वैशाली शिडीवरून उतरायला गेली. पाय चुकला, गुडघा कठड्यावर आपटला.

"लियांग, पिनांग. जोसेफ, झांजिबार."

"ओंकार, बाहेर जा! बाळा, माझं ऐक!"

पडद्यावर तो तिच्याकडे बघत नव्हता. शाळेतल्या मुलासारखा ताठ बसला होता, आपला नंबर यायची वाट बघत. ती लंगडत जिन्यापाशी पोचली. चौदा झाले. पंधरा झाले.

सोळा झाले.

भामा थांबली. तिला हे नाव कुणी सांगितलं नव्हतं.

"ओंकार, कुकटपल्ली."

पडद्यावरच्या पोरानं मान वर केली.

"हाजिर," तो म्हणाला.

जिन्याच्या वरच्या पायरीवर वैशाली मटकन बसली. खाली भामा पुढची सात नावं संथपणे घेत राहिली. प्रत्येक नावानंतर थांबली. चोवीस झाले, तशी ती पदराला हात पुसत म्हणाली, "आज पुरे भरले," आणि वर खोल्यांकडे बघून रोजच्यासारखं ओरडली.

"कडी लावा रे!"

"आलोच, आई," ओंकार म्हणाला आणि उठून चित्राबाहेर गेला. वैशाली रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली.

फोनमधून कसलाच आवाज आला नाही. कडी सरकल्याचा आवाज तिच्या पाठीमागून आला, गॅलरीतून, सतरा नंबरच्या दारातून.